पाव फेरी

"पाणी?" पद्माताईंनी पुन्हा विचारलं. "लाईटीच्या वस्तूत पाणी घालणार व्हय तू?"

"घालणार नाही गं मम्मी, फिरवणार," विजू म्हणाली. "गाडीला रेडिएटर असतो ना, तसंच. आतला भाग तापतो, पाणी ती उष्णता घेऊन रेडिएटरपर्यंत जातं, तिथं पंखे त्याला गार करतात आणि ते पुन्हा आत येतं."

"म्हंजे पंखेबी हायत?"

"आहेत की."

"पंखेबी हायत, पाणीबी हाय. मग अख्खा कूलरच घ्यायचास, उन्हाळ्यात आमाला तरी झाला असता," असं म्हणून पद्माताई भाकरी थापायला आत गेल्या. त्यांच्यापुरता विषय संपला होता.

शनिवारची सकाळ होती. निगडीच्या यमुनानगरातल्या त्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल कालच हातचं गेलं होतं. त्यावर काचेच्या भिंतींचं एक कॅबिनेट उभं होतं आणि त्याच्या भोवती खोकी, पारदर्शक नळ्या, स्क्रू, वायरी असं सगळं रुखवत मांडल्यासारखं पसरलं होतं. विजयश्री, म्हणजे घरातली विजू, हिंजवडीच्या एका कंपनीत गेमसाठी डोंगर, गल्ल्या आणि पडकी घरं कॉम्प्युटरवर उभी करायचं काम करायची. स्वतःही खेळायची. आपला कॉम्प्युटर आपल्या हातानं जुळवायचा, तोही पाण्यानं गार होणारा, हे तिनं वर्षभर मनात घोळवलं होतं. एकेक भाग मागवता मागवता आता सगळे जमा झाले होते. किंमत विचारायची नाही, अशी अट तिनं आईला घातली होती. पद्माताईंनी ती पाळली, कारण खोकी बघून त्यांनी अंदाज आधीच बांधला होता.

सोफ्यावर तिचे वडील, मालोजी गवारे, पेपर वाचत होते. पेपरचं पान बऱ्याच वेळात उलटलं नव्हतं.

मालोजी दिवाळीत निवृत्त झाले. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे पत्रे दाबून आकार देणारे मोठमोठे प्रेस होते. त्या प्रेसना ताकद देणारं तेल ज्या पाइपांतून धावतं, त्या पाइपांचा सगळा कारभार मालोजींकडे. पाइप कापायचे, वाकवायचे, जोडायचे, आणि जोडलेले गळता कामा नयेत. त्यांचा जॉइंट गळत नाही, असा तिथं लौकिकच होता. नवा सुपरवायझर आला की त्याला आधी कँटीन दाखवायचे आणि मग गवारे.

निवृत्तीनंतर पहिल्या महिन्यात त्यांनी घरातले नळ दुरुस्त केले. मग शेजाऱ्यांचे. मग सोसायटीच्या टाकीचा व्हॉल्व्ह. त्यानंतर इमारतीत गळणारं काही उरलं नाही आणि सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न मालोजींना पडला. कंपनीची बस भक्ती-शक्ती चौकातून ज्या वेळी सुटायची त्या वेळी ते अजूनही चौकापर्यंत चालत जात आणि दुधाची पिशवी घेऊन परत येत. दूध खरं तर इमारतीच्या खालीच मिळायचं.

विजूचं आणि त्यांचं भांडण नव्हतं. भांडायलाही दोघांमध्ये काहीतरी असावं लागतं. ती लहान असताना ते पहिल्या शिफ्टला निघायचे तेव्हा ती झोपलेली असायची आणि दुसऱ्या शिफ्टहून यायचे तेव्हाही झोपलेलीच. ती मोठी झाली हे त्यांना, तिला न्यायला आलेली कॅब दारात हॉर्न वाजवायला लागली, तेव्हा कळलं. आता शनिवारी दोघंही घरात असत, पण "जेवलीस का", "हो पप्पा" यापुढे बोलणं सरकत नसे. त्यामुळे टेबलावरच्या त्या नळ्या पाहून कालपासून मालोजींचे हात शिवशिवत होते. नळ्या, जोड, पंप, टाकी म्हणजे त्यांचंच खातं की! पण बोलावल्याशिवाय जायचं कसं? कामाची हौस त्यांना होतीच, पण त्याहून जास्त हाव होती ती मुलीच्या शेजारी उभं राहायची. मेले असते तरी त्यांनी हे कुणापाशी बोलून दाखवलं नसतं.

विजूच्या हातातून एक छोटी काळी रबरी रिंग निसटली, टेबलावरून घरंगळली आणि लोळत लोळत सोफ्यापाशी आली. मालोजींनी ती उचलली.

"ओ-रिंग हाय ही," ते म्हणाले.

"तुम्हाला माहितीय?"

"आयुष्य गेलं की हिच्यात. ही नीट बसली तर जॉइंट धरतो, न्हाईतर गळतो." त्यांनी रिंग बोटावर फिरवून धूळ पुसली. "जरा ओली करून बसव. कोरडी बसवलीस तर पीळ खाती."

विजूनं एकदा रिंगेकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "पप्पा, या की मग इकडं. मला एकटीला हात पुरत नाहीयेत."

मालोजींनी पेपरची घडी घातली. सावकाश घातली, कारण घाई दिसायला नको होती. मग गॅलरीत जाऊन ते आपली कामाची पिशवी घेऊन आले. "लागली तर असावी," म्हणाले.

सकाळ मजेत गेली. नळ्या सरळ होत्या आणि त्या गरम हवेच्या यंत्रानं मऊ करून वाकवायच्या होत्या. वाकवताना चपट्या होऊ नयेत म्हणून आत एक रबरी दोरी सारायची. विजूनं आदल्या दिवशी चार-पाच नळ्या वाया घालवल्या होत्या आणि त्या बादलीत उभ्या होत्या. मालोजींनी जन्मभर लोखंडी पाइप वाकवले होते. त्यांनी पहिली नळी हातात घेतली आणि बघता बघता ती बुडबुडे येऊन करपली. तीही बादलीत गेली.

"लोखंड नाहीये पप्पा हे. लांबून हवा द्यायची, फिरवत राहायचं आणि ती मऊ पडायची वाट बघायची."

"वाट बघायची म्हंजे किती?"

"ते नळीच सांगते."

मालोजी हसले. गावाकडून, तुळजापूरच्या बाजूनं, ते नोकरीला म्हणून आले तेव्हा त्यांच्या उस्तादानं त्यांना हेच सांगितलं होतं. दुसरी नळी त्यांनी तिच्या म्हणण्याप्रमाणे फिरवत फिरवत गरम केली आणि काटकोनात वळवली. वळण इतकं सुरेख उतरलं की विजूनं ते खिडकीच्या उजेडात धरून त्याचा फोटो काढला. "हीच लावायची. टाकी ते ग्राफिक्स कार्ड, एकदम समोर," ती म्हणाली. मालोजींनी नुसती मान हलवली, पण त्या दिवशी चहात साखर नसती तरी त्यांना कळलं नसतं.

एवढ्यात स्वयंपाकघरातून पद्माताई ओरडल्या, "मटेरियल खराब!"

बापलेक दोघंही हसले. भाकरी तव्यावर टाकताना चिरली होती.

हा गवाऱ्यांच्या घरचा जुना विनोद होता. मालोजींचे उस्ताद म्हणजे भीमराजमामा. हातानं बसेल तेवढं आवळायचं आणि मग पान्यानं पाव फेरी, कमी नाही, जादा नाही, हा धडा मामांनी त्यांच्याकडून गिरवून घेतला होता. मामांचं वय झालं तेव्हा एकदा त्यांच्याच हातून एका प्रेसचा जोड जास्त आवळला गेला आणि बिडाच्या भागाला चीर गेली. प्रेस बंद पडला. सुपरवायझर धावत आला. मामा खाली मान घालून उभे होते, आणि तरुण मालोजींनी पुढं होऊन ठोकून दिलं, "मटेरियल खराब हुतं साहेब. आतून पोकळ निघालं." सगळ्यांना खरं काय ते ठाऊक होतं. कुणी काही बोललं नाही. माल पुरवणाऱ्यावर खापर फुटलं आणि मामांची अब्रू वाचली. तेव्हापासून खात्यात ही रीतच पडली. म्हाताऱ्याचा हात चुकला की कुणीतरी मटेरियल खराब म्हणायचं. घरात भाकरी चिरली, दूध नासलं, विजूला गणितात कमी मार्क पडले, की तेच.

घरी सांगताना मालोजी गोष्ट इथंच थांबवत आणि सगळे हसत. पुढचं ते सांगत नसत. पुढचं असं होतं, की त्या दिवसानंतर मामांच्या हातात कुणी पाना दिला नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. दुसरा कुणी काम करायचा आणि मामा शेजारी टॉर्च धरून उभे राहायचे. निवृत्त होईपर्यंत ते टॉर्चच धरत राहिले.

विजूचा फोन वाजला. कंपनीचा होता. शनिवार असो की आणखी काही, हिंजवडीच्या कंपन्यांना त्याचं सोयरसुतक नसतं. "आलेच मी," ती म्हणाली, आणि खोलीकडे जाताना मागं वळली. "पप्पा, ती तुमची नळी टाकीला लावून ठेवता का? फक्त हातानं आवळा हं. पाना लावायचा नाही, टाकी सगळी ॲक्रिलिकची आहे, लगेच तडकते."

"बरं," मालोजी म्हणाले.

त्यांनी रिंग ओली केली, बसवली, नळी आत सारली आणि जोड हातानं फिरवत नेला. तो बसला. नीट बसला. काम झालं होतं. पण हातानं बसलेला जोड तसाच सोडून द्यायचा, हे त्यांच्या हाताला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. पिशवी उघडी होती. पाना वरच होता. मुलगी काय म्हणाली ते त्यांना ऐकू आलं होतं आणि समजलंही होतं, तरी हात गेला. पाव फेरी म्हणून गेला. नक्की किती फिरला, ते त्यांना नंतरही सांगता आलं नसतं.

टक.

आवाज एवढासा होता. मालोजींनी जोडाकडे पाहिलं. काही दिसत नव्हतं. चष्मा पुसून पाहिलं, तरी काही दिसेना. बाहेरचा आवाज असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. शंभर प्रेस धडाडत असताना गळणारा जोड नुसत्या कानानं शोधणारा माणूस स्वतःला हे सांगत होता.

विजू परत आली. "लावली?"

"लावली."

सांगायचं तर हीच वेळ होती. पण विजूनं टाकीला लागलेली नळी पाहिली, "वा, काय दिसतीय!" म्हणाली, आणि त्यांच्या हातावर टाळी दिली. मुलीनं आपल्याला टाळी कधी दिली होती, ते मालोजींना आठवेना. वेळ निघून गेली.

उरलेले जोड विजूनं लावले. मग तिनं एक छोटा हातपंप काढला. त्याला घड्याळासारखी तबकडी होती आणि तीत सुई. पाणी भरायच्या आधी हवा भरून बघायचं, तिनं सांगितलं. सुई जागच्या जागी राहिली तर सगळं पक्कं. खाली आली तर कुठंतरी गळतंय, आणि तसंच पाणी भरलं तर ते थेट कार्डावर. तिनं हवा भरली. सुई चढली, थांबली आणि मग हळूहळू खाली यायला लागली.

"श्शी!" विजू म्हणाली. तिनं पुन्हा हवा भरली. सुई पुन्हा उतरली.

"माझंच कुठंतरी चुकलंय," ती म्हणाली. "तुमचा जॉइंट तर गळणार नाही."

थोबाडीत बसली असती तरी मालोजींना एवढं लागलं नसतं.

विजूनं आपला पहिला जोड खोलला. रिंग काढून पुसली, बसवली, हवा भरली. सुई उतरली. दुसरा खोलला. मग तिसरा. रेडिएटर काढून बाहेर घेतला, त्याचे दोन्ही जोड तपासले, परत बसवला. पद्माताई जेवायला बोलावून गेल्या, पुन्हा बोलावून गेल्या आणि शेवटी ताट झाकून ठेवून दुपारची झोप काढायला गेल्या. मालोजी समोर खुर्चीत मूग गिळून बसले होते. रिंग हवी तेव्हा रिंग देत होते, कापड हवं तेव्हा कापड. विजूच्या बोटांची टोकं लाल झाली होती. मध्येच ती म्हणाली, "कशाला या फंदात पडले मी! मला जमणारंच नाहीये हे." तिच्या आवाजात रडू होतं. आपण काय करतोय हे मालोजींना कळत होतं. बोललो तर ही परत जवळ बोलावणार नाही, एवढीच एक भीती त्यांनी धरून ठेवली होती आणि मुलीची बोटं सोलून निघताना बघत होते. स्वतःचीच त्यांना शिसारी आली, पण तोंड उघडेना.

ऊन उतरून खोलीत अंधारायला लागलं तेव्हा एकच जोड खोलायचा राहिला होता. विजूनं फोनचा उजेड पाडला आणि वाकून पाहिलं. ती बराच वेळ तशीच वाकून होती.

मालोजींना तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ती काय बघतेय ते दिसत होतं. जोडाच्या काळ्या रंगावर पान्याच्या जबड्याचे दोन चकचकीत ओरखडे होते. त्यांच्या खाली, टाकीच्या काचेसारख्या भिंतीत, केसाएवढी एक चीर. विजूनं त्या ओरखड्यांवर अंगठा ठेवला. मग ती सरळ झाली आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "टाकीच खराब आलीय पप्पा. मटेरियल खराब."

ती हसली नाही.

मालोजींना भीमराजमामा आठवले. सुपरवायझरसमोर खाली मान घालून उभे असलेले. मामा सुटले, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं. उपकारच केले आपण म्हाताऱ्यावर, असं इतकी वर्षं वाटत आलं होतं. खाली मान घातलेल्या माणसाला आतून काय होतं, ते आज त्यांना कळलं.

"मी फोटो काढून पाठवते त्यांना," विजू फोनवर टाइप करत म्हणत होती. "तुटकी पाठवली म्हणते. बदलून देतील."

"नको लिहू तसं."

"अहो पप्पा, देतात ते."

"मटेरियल बरोबर हुतं." मालोजी खुर्चीतून उठले. बसून बोलायची ही गोष्ट नव्हती. "पाना लावला मी. तू नको म्हणलीस, तरी लावला. टक केलं ते बी ऐकलं."

विजूचा अंगठा थांबला. "माहितीय," ती म्हणाली. "ओरखडे दिसतायत." मग काहीतरी तिच्या लक्षात आलं आणि तिनं वर पाहिलं. "ऐकलं? कधी?"

"सकाळी. तू फोनवर हुतीस तवा."

"सकाळी?" विजूनं फोन टेबलावर ठेवला. "मी दिवसभर माझे जॉइंट खोलत बसलेय पप्पा. एकूण एक. मला वाटलं मला काही येतच नाही. आणि तुम्ही समोर बसून बघत होता?"

"व्हय."

"का नाही सांगितलंत?"

मालोजींनी आपल्या हातांकडे पाहिलं. "सांगितलं असतं तर परत बोलावलं नसतंस तू," ते म्हणाले.

विजू आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं मालोजींना वाटलं. पद्माताई उठून बाहेर आल्या, टेबल पाहिलं, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि चहा ठेवायला गेल्या. मालोजींनी पाना पुसला, पिशवीत तळाशी ठेवला आणि पिशवी गॅलरीत नेऊन ठेवली.

नव्या टाकीचं खोकं यायला पुढचा आठवडा उजाडला. ती विजूनं स्वतःच्या पैशांनी मागवली. मधल्या दिवसांत ती रागावलेली आहे की नाही, हे मालोजींना कळायला मार्ग नव्हता. "जेवलीस का", "हो पप्पा" चालू होतं. एकदा तिनं त्यांना विचारलं, "पप्पा, ओ-रिंगला पाणी लावायचं की तेल?" त्यांनी सांगितलं. एवढंच.

रविवारी सकाळी तिनं टेबलावरचं कापड काढलं, नवी टाकी पुसून जागेवर बसवली आणि सोफ्याकडे न बघता हाक मारली, "पप्पा, या की."

मालोजींनी पेपर तसाच टाकला. या वेळी घडी घालायचं भान राहिलं नाही. पण ते सरळ टेबलाशी आले नाहीत, आधी गॅलरीत गेले. परत आले तेव्हा हातात पिशवी नव्हती. पिशवीतली जुनी टॉर्च तेवढी होती, कंपनीतली, दोरी बांधलेली.

विजूनं त्यांची काटकोनातली नळी त्यांच्यापुढं धरली. "हा जॉइंट तुम्हीच लावा. फक्त हातानं."

ती मनापासून म्हणत होती, हे मालोजींना कळलं. त्यांना बरं वाटलं. त्यांनी नळी हातात घेतली, वळणावरून एकदा बोट फिरवलं आणि तिला परत दिली.

"तू लाव. मी उजीड धरतो."

"दिवसा कशाला टॉर्च?"

"आतल्या बाजूला अंधार असतो. लाव तू."

विजूनं रिंग ओली केली. कॅबिनेटच्या आत, कार्डाच्या मागं, खरोखरच अंधार होता. आता टॉर्च धरणं म्हणजे काय, हे मालोजींना आयुष्यात पहिल्यांदाच बघावं लागलं. ते स्वतः काम करायचे तेव्हा टॉर्च धरणाऱ्या पोरांवर खेकसायचे, उजेड माझ्या हातावर नको, कामावर पाड म्हणून. मामांवर कधी खेकसावं लागलं नव्हतं. का लागलं नव्हतं, याचा त्यांनी कधी विचार केला नाही. मामांचा उजेड मालोजींनी हात न्यायच्या आधीच तिथं पोचलेला असायचा. त्यासाठी समोरच्याचं काम त्याच्याइतकंच बारीक बघत राहावं लागतं, आणि आपला हात मधे घालायचा नसतो. आपण मामांना त्याबद्दल एका शब्दानं कधी काही म्हटलं नाही, याचं मालोजींना फार वाईट वाटलं.

विजूचा हात टाकीकडे वळला. उजेड तिथं होता. तिनं जोड हातानं फिरवत नेला, तो बसला आणि ती थांबली. मालोजींची बोटं टॉर्चवर आवळली गेली. मग सैल झाली. ती कार्डाकडे वळली, उजेड आधीच तिकडं गेला होता. ती रेडिएटरच्या मागं वाकली, तर तो खालून आला. सगळं लावून होईपर्यंत "पप्पा, इकडं धरा" असं तिला एकदाही म्हणावं लागलं नाही.

हवा भरली. सुई चढली आणि उभी राहिली. दोघंही तिच्याकडे बघत होते. पद्माताई हातातलं काम टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या. सुई हलली नाही.

मग विजूनं जोडांखाली कागदी रुमाल पसरले, टाकीत पाणी भरलं आणि नुसता पंप चालू केला. पाणी गुरगुरत निघालं, काटकोनातल्या वळणावरून वळून कार्डात शिरलं, वर रेडिएटरमध्ये गेलं आणि बुडबुडे घेऊन टाकीत परत आलं. रुमाल कोरडे होते.

"झालं?" पद्माताई म्हणाल्या. "मग जेवायचं टेबल मोकळं करा आमचं."

विजू हसली. कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "पप्पा, बंद करा आता टॉर्च."

"व्हय," मालोजी म्हणाले. पण लगेच त्यांनी ती बंद केली नाही. आधी शेवटच्या जोडाभोवती उजेड फिरवून घेतला, खालून, मागून, वरून, मामा फिरवायचे तसा. कुठं काही नव्हतं. मग त्यांनी बटण दाबलं.